दारची गाडी आणि सकाळची दहा मिनिटे



या सदरात आपण नेहमी पीक, पाणी आणि खत यांविषयी बोलतो. आज दारात उभ्या असलेल्या चारचाकीविषयी बोलू. विषय निघाला तो मात्र बागेतच, एका भाजलेल्या हातावरून.

गेल्या उन्हाळ्यात सांगोला भागात एका डाळिंबाच्या बागेत गेलो होतो. ठिबकच्या नळ्या चोंदल्याची तक्रार होती. बागवान दादा सामोरे आले, तर उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत बांधलेला आणि मानेवर भाजल्याचा मोठा डाग. ऐन तोडणीचे दिवस, आणि मालक हात गळ्यात बांधून बांधावर उभा.

"काय झालं दादा?"

"गाडीनं भाजलं, साहेब."

हकीकत अशी. म्हाताऱ्या आईचे डोळे दाखवायला ते सोलापूरला निघाले होते. गाडी जुनी घेतलेली, तीन वर्षे दारात असलेली. भर दुपार, गाडीत पाच माणसे, एसी चालू. मंगळवेढ्याच्या पुढे उष्णतेचा काटा वर चढू लागला. त्यांनी तो पाहिला, पण 'पोचू तेवढ्यात' असे म्हणून गाडी तशीच रेटली. थोड्या वेळाने बॉनेटमधून वाफ आली. लिंबाखाली गाडी थांबवून त्यांनी बॉनेट उघडले, रेडिएटरच्या झाकणावर टॉवेल टाकला आणि पिळले. झाकण उडाले आणि उकळते पाणी कारंज्यासारखे अंगावर आले. पाच वर्षांचा नातू पाण्याची बाटली घेऊन मागेच उभा होता. आजोबा आडवे होते म्हणून तो वाचला.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुकरची वाफ गेल्याबिगर मी झाकण उघडत न्हाई. पण गाडीत बी कुकर असतो, हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

वहिनींचे हे बोलणे मनात राहिले. १९८३ साली मारुती ८०० बाजारात आली, तेव्हा आमच्यासारख्यांच्या गावात चारचाकी म्हणजे सरकारी जीप, नाहीतर डॉक्टरांची मोटार. आज वाड्यावस्त्यांवर, गोठ्याशेजारी गाडी उभी असते. बैलाची पारख आपल्याला वाडवडिलांनी शिकवली. जुंपण्यापूर्वी आपण खांदा बघतो, खूर बघतो. गाईने रवंथ सोडला की घरातली बाई आधी ओळखते. गाडी मात्र आपण किल्ली फिरवून हाकायलाच शिकलो, तिला बघायला शिकलो नाही.

माणसाचे दुखणे हत्तीच्या पावलांनी येते म्हणतात. गाडीचे दुखणे बहुतेक वेळा मुंगीच्या पावलांनी येते. ते येताना खूण करते. काटा, दिवा, वास, आवाज, जमिनीवरचा ओला डाग. त्या खुणा कशा वाचायच्या, तेवढेच आज पाहू.

पाणी आणि उष्णता

दादांच्या गाडीचे बॉनेट मी उघडायला सांगितले. रेडिएटरच्या तोंडाशी पांढरट तांबूस खपली चढली होती. तशीच खपली आम्ही तासापूर्वी ठिबकच्या नळीतून काढली होती. दोन्हीकडे पाणी एकाच बोअरचे! आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. पाणी तापले की ते क्षार आत चिकटतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात आणि इंजिनाची उष्णता बाहेर पडत नाही.

म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी रोजच्या रोज भरू नये. गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितलेल्या जातीचे कूलंट वापरावे. ते तयार मिळते, किंवा घट्ट असेल तर बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, मिसळावे. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळते आणि आतल्या धातूला गंज चढत नाही. केवळ रंग जुळला म्हणून दोन जातींची कूलंटे एकत्र करू नयेत.

दादांनी विचारले, "ठिबकला सोडतो तसं ॲसिड सोडू का आत?" मुळीच नको. हल्लीचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. ॲसिड क्षारासोबत रेडिएटरही खाईल. ते काम मेस्त्रीकडून योग्य औषधाने करून घ्यावे.

आणखी एक सावधगिरी. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे विष आहे. कूलंटचा डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. अंगणात सांडले तर लगेच माती टाकून उचला. कुत्रे किंवा वासरू ते चाटू शकते.

वाटेत काटा लालकडे सरकू लागला, तर एसी बंद करा आणि उकडत असले तरी हीटर पूर्ण सोडा. हीटर इंजिनातलीच उष्णता बाहेर खेचतो. तरीही काटा चढला किंवा वाफ दिसली, की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. मग किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. कारण सोपे आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, म्हणून आत त्याहून तापलेले पाणीही पाणीच राहते. झाकण उघडले की दाब जातो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होऊन ते अंगावर येते. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणीही ओतू नये, धातू तडकतो. गाडी पूर्ण निवल्यावर पाणी भरावे. अडचणीच्या वेळी साधे पाणी चालते, पण त्यावर जवळचे गॅरेज गाठावे, पुढचा गाव नव्हे. भरलेले पाणी खालून गळतच असेल तर गाडी चालवू नये. टोचन करून न्यावी.

कुणी भाजलेच, तर अंगठी, कडे, बांगड्या सुजेच्या आधी काढाव्यात आणि भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. मग स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठावा. दादांच्या हातावर कुणीतरी टूथपेस्ट फासली होती. डॉक्टरांना ती आधी खरवडावी लागली, आणि वेदना दुप्पट झाल्या. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, काहीही लावू नये.

ब्रेक आणि घाट

आपल्याकडे जुनी सवय आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, कुणी कुणी तर इंजिनच बंद करायचे, तेवढेच इंधन वाचते म्हणून. कुंभार्ली असो, आंबा असो की माळशेज, घाटात ही सवय जीव घेते.

मोटारीचा ब्रेक हलक्या पायाने लागतो, तो इंजिनाच्या जोरावर चालणाऱ्या मदतीमुळे. इंजिन बंद केले की एक-दोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पायाखालचे पेडल दगडासारखे घट्ट होते. स्टिअरिंगही जड होते, आणि किल्ली काढली तर अडकून बसते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असले तरी गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग ते धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. इंधनाचे म्हणाल, तर हल्लीच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते जळतच राहते. म्हणजे बचतीचा हिशोबही चुकीचाच.

ब्रेकही आधी बोलतो. दाबल्यावर बारीक किंचाळला तर आतले पॅड झिजत आले आहेत. खरवडल्यासारखा आवाज आला तर पॅड संपून लोखंड लोखंडावर घासते आहे. पेडल मऊ, स्पंजासारखे लागले तर आत हवा शिरली आहे किंवा गळती आहे. गाडी एका बाजूला ओढू लागली तर एका चाकाचा ब्रेक नीट धरत नसावा. यातले काहीही झाले तर बाजार दुसऱ्या दिवशी करा.

बॉनेटखाली ब्रेकच्या तेलाची छोटी डबी असते. तिची पातळी घटली, तर नुसती भर टाकून मोकळे होऊ नका. ते कमी का झाले हे मेस्त्रीला विचारा. त्यात इंजिनाचे किंवा दुसरे कोणतेही तेल चुकूनही घालू नका, आतली रबरे फुगून ब्रेक निकामी होतात. हे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

टायर

टायरातली हवा थंड असताना, म्हणजे सकाळी निघतानाच मोजावी. किती हवी, हे ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असेल तर तोही तिथेच सापडतो. बाजाराच्या दिवशी क्रेट लादून निघताना तो आकडा पाहावा. स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा बघावी. पंक्चर झाल्यावर स्टेपनी काढायची आणि तीही बसलेली निघायची, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

हवा कमी असलेला टायर धावताना दुमडत राहतो आणि आतून तापतो. गावच्या रस्त्यावर ते जाणवत नाही. पण आता नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. तासन् तास एकाच वेगाने, तापलेल्या सिमेंटवर गाडी धावली की कमी हवेचा किंवा जुना टायर फुटतो. त्या वेगाला फुटलेला टायर सावरायला वेळ देत नाही.

टायर कसा झिजला यावरूनही कळते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त आहे. एकच कड झिजली असेल तर चाकांची जुळणी बिघडली आहे. मोटारीच्या टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले, की टायर संपला. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात. २३२१ लिहिले असेल, तर तो २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला. जुनी गाडी घेताना हे आकडे जरूर वाचा. नक्षी चांगली दिसली, तरी उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या टायरला बारीक भेगा पडलेल्या असतात.

बॅटरी

सकाळी किल्ली फिरवली आणि नुसते 'टक टक' वाजले, तर बहुधा बॅटरी उतरली आहे. बॅटरी सहसा तीन ते पाच वर्षे टिकते. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर जमला असेल, तर आधी उणे आणि मग अधिक अशी तार सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने टोके पुसावीत, कोरडी करावीत आणि वर व्हॅसलिन लावावे. जोडताना क्रम उलटा, आधी अधिक आणि मग उणे. पुष्कळदा एवढ्यावरच गाडी सुरू होते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून जवळ ठिणगी नको, बिडी नको, आणि अंधारात काडी पेटवून तर मुळीच बघू नका.

दहा मिनिटे

आता रोजचे काम. गाडीला हात लावण्यापूर्वी एकदा वाकून खाली बघा. पहिली गोष्ट, खाली-मागे लेकरू, कुत्र्याचे पिल्लू, कोंबडी नाही ना. अंगणात गाडी मागे घेताना मुले कुठे आहेत, हे घरातल्या दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहून सांगावे. दुसरी गोष्ट, जमिनीवर डाग. स्वच्छ पाण्याचा डाग एसीचा असतो, त्याची काळजी नको. हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा, काळा इंजिन ऑइलचा. चाकाजवळ तेलकट ओल दिसली तर गाडी हलवू नका, ती ब्रेकची असू शकते.

मग बॉनेट उघडा. सपाट जागी, गार इंजिनावर कूलंटची टाकी दोन खुणांच्या मध्ये आहे का, ऑइलची डिपस्टिक पुसून पुन्हा घातल्यावर तेल दोन खुणांच्या मध्ये येते का, बघा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. गाडी सुरूच करू नका. तारा कुरतडलेल्या नाहीत ना, तेही बघा. धान्याच्या कोठीजवळ गाडी लावली की उंदीर बॉनेटमध्ये घर करतात. पाचट, गवत, कडब्याचा चुरा साचला असेल तर काढा. तापलेल्या सायलेन्सरला लागून वाळले पाचट पेट घेते. म्हणून पाचटावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये.

किल्ली फिरवली की लाल-पिवळे दिवे लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात. न विझणारा पिवळा दिवा म्हणजे लवकर गॅरेजला दाखवा. चालताना लागलेला लाल दिवा म्हणजे आत्ता थांबा. त्यातही तेलाच्या कुपीचे चित्र असलेला लाल दिवा लागला तर एक फर्लांगही पुढे जाऊ नका, इंजिन जाम होते. धुराकडेही लक्ष द्या. दाट पांढरा धूर सतत येत असेल तर कूलंट जळते आहे, निळा असेल तर ऑइल, काळा असेल तर बहुधा हवेची जाळी धुळीने भरली आहे. शेवटी अंगणातून निघताना पहिल्या वीस पावलांतच एकदा ब्रेक दाबून बघा.

एवढे करूनही गाडी वाटेत थांबली, तर डाव्या कडेला घ्या, चारही दिवे लुकलुकते ठेवा, लाल त्रिकोण पन्नास पावले मागे ठेवा. माणसे उतरवून रस्त्यापासून दूर उभी करा. गाडीच्या मागे कुणी थांबू नये. त्रिकोण नसल्याने आपण दगड रचतो, झाडाची फांदी टाकतो आणि निघताना तसेच ठेवून जातो. रात्री मोटारसायकलवरून येणारा कुणाचा तरी पोरगा त्यावर आदळतो. त्रिकोण घ्याच, आणि दगड ठेवलेच असतील तर उचलून मगच निघा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुठेही संकटात ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावेत.

दिवाळीनंतर पुन्हा त्या बागेत जाणे झाले. दादांचा हात बरा झाला आहे, पण मूठ अजून पूर्ण वळत नाही. कात्री धरली की दुखते. छाटणीला त्यांना माणूस लावावा लागला. गाडीला नवा रेडिएटर बसला आहे. सकाळी ठिबकचा फिल्टर वहिनीच धुतात. आता परतताना त्या गाडीचे बॉनेटही उघडून बघतात. मी गेलो तेव्हा नातू शेजारी उभा होता. कूलंटच्या टाकीकडे बोट दाखवून तो आजीला सांगत होता, "रेघेच्या खाली गेलंय." वहिनींनी वाकून पाहिले. खरेच बोटभर खाली गेले होते. दादांना त्या दिवशी पंढरपूरला जायचे होते. ते गेले नाहीत, गाडी आधी मेस्त्रीकडे नेली. पाइपाची एक पकड सैल झाली होती. पाच मिनिटांचे काम होते.

उद्या सकाळी आपापल्या दारची गाडी एकदा वाकून बघा. पुढील अंकी पुन्हा बागेत भेटू. उन्हाळ्यापूर्वी ठिबकच्या नळ्या कशा साफ कराव्यात, ते पाहू.